परक्या जहाजावर चढाई: धारपासून आंग्र्यांपर्यंत

इंदूरहून धारला निघालं की वाटेत बेटमा लागतं. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा राजा भोजाचा एक ताम्रपट आहे, विक्रम संवत १०७६ चा, म्हणजे इसवी सन १०२० चा. दान कशानिमित्त दिलं ते त्यात एका लांब समासात सांगितलं आहे: ‘कोकणग्रहणविजयपर्व’. कोकण जिंकल्याचा सण. त्याच संवताचा बांसवाड्याचा दुसरा ताम्रपटही कोकणच्या विजयाचीच आठवण काढतो. म्हणजे धारच्या राजाने वर्षभरात दोनदा, दोन वेगळ्या दानांच्या वेळी, समुद्रकाठच्या मुलखावरचा विजय साजरा केला. धार-देवासच्या मराठी घरांत भोजाच्या व्याकरणाचं, काव्यशास्त्राचं, भोपाळच्या तळ्याचं कौतुक ऐकत आपण मोठे होतो. त्याच्या जहाजांबद्दल कुणी बोलत नाही.

मला इथे त्या जहाजांबद्दलच बोलायचं आहे. शत्रूचं जहाज आधी पांगळं करायचं, मग अनेक लहान गलबतांनी घेरायचं आणि शेवटी चहूकडून त्यावर माणसं चढवायची, ही रीत आपण आंग्र्यांच्या नावाने ओळखतो. तिची सातशे वर्षं जुनी खूण बोरिवलीच्या दगडांत आहे आणि त्या दगडांचा धागा थेट धारपर्यंत येतो, असं माझं मत आहे. ते मान्य नसणारे पुष्कळ आहेत. त्यांचंही म्हणणं पुढे येईलच.

बोरिवली पश्चिमेला एक्सर गावठाणात उंचच उंच वीरगळ उभे आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्यांचं बारकाईने वर्णन आलं आहे. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा: तळाशी लढाई, मग वीराचा मृत्यू, मग अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा. महाराष्ट्रात असे दगड गावोगाव आहेत, पण त्यांच्या तळाशी बहुतेक वेळा गाई पळवणारे चोर किंवा घोडेस्वार असतात. एक्सरच्या काही दगडांच्या तळाशी समुद्र आहे. एकावर पाच जहाजं लढाईला निघालेली दिसतात: उंच टोकदार नाळ, मधोमध डोलकाठी, प्रत्येक बाजूला नऊ वल्ही, वर धनुर्धारी. त्याच्या वरच्या पट्टीत चार जहाजांनी मिळून एका जहाजाला गाठलं आहे आणि माणसं पाण्यात पडताहेत. दुसऱ्या एका दगडावर अकरा जहाजं एकमेकांना भिडली आहेत.

चार विरुद्ध एक ही पट्टी मला सगळ्यांत मोलाची वाटते. शिल्पकाराला जागा भरायची असती तर त्याने दोन सारख्या रांगा समोरासमोर कोरल्या असत्या. इथे त्याने घेराव कोरला आहे. वल्ह्यांची जहाजं, म्हणजे वाऱ्यावर न विसंबता हवं तिकडे वळणारी, एकट्या पडलेल्या जहाजाच्या अंगाला येऊन चिकटली आहेत. बाण दुरून सोडता येतात. एवढं जवळ यायचं ते त्या जहाजावर पाय ठेवण्यासाठीच.

ही लढाई कुणाची? शिलालेखाची अक्षरं इतकी झिजली आहेत की गॅझेटियरच्या काळातही ती लागली नव्हती. त्यामुळे दोन पक्ष झाले.

पहिला आणि जास्त मान्यता असलेला पक्ष देवगिरीच्या यादवांचा. हेन्री कझिन्सने तो मांडला आणि पुढे बहुतेकांनी उचलला. महादेव यादवाने उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर स्वारी केली, ती १२६५ च्या आसपास. आधी जमिनीवर हत्तींच्या बळाने त्याला हरवलं, मग तो जहाजांवर पळाला, तिथेही पाठलाग झाला आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला. हे आपल्याला हेमाद्रीच्या राजप्रशस्तीतून कळतं. एक्सरला एका दगडावर हत्ती आहेत, काहींवर जहाजं आहेत. जुळणी इतकी चांगली दिसते की पुढे शोधायची गरजच वाटू नये.

दुसरा पक्ष अलीकडचा, आणि तो म्हणतो की ही लढाई १०२० च्या आगेमागे भोजाच्या स्वारीत झाली. मी या पक्षाचा आहे. पहिलं कारण लिपी. गॅझेटियरने त्या झिजलेल्या ओळी अकराव्या शतकाकडे झुकवल्या आहेत, तेराव्याकडे नाही. दुसरं कारण मला त्याहून वजनदार वाटतं. वीरगळ मेलेल्यांसाठी उभा राहतो, आणि तो उभा करायला मागे कुणीतरी सुस्थितीत उरावं लागतं. सोमेश्वराबरोबर शिलाहारांचं राज्यच बुडालं. हरलेल्या आणि संपलेल्या राजाच्या योद्ध्यांसाठी इतके उंच, इतक्या पट्ट्यांचे, निष्णात शिल्पकाराने घडवलेले दगड त्यानंतर कुणी उभे केले असतील? याउलट भोजाचा कोकणातला अंमल फार टिकला नाही. चालुक्य जयसिंहाचा मिरजेचा ताम्रपट १०२४ मध्येच कोकणाधिपतीला नमवल्याचं सांगतो. १०२६ च्या भांडुप ताम्रपटात शिलाहार छित्तराज पुन्हा दानं देताना दिसतो. म्हणजे भोजाशी लढताना १०२० मध्ये पडलेल्यांचं घराणं, त्यांचा राजा, त्यांची गावं, सगळं सहा वर्षांत जागेवर होतं. स्मारक उभारायला याहून योग्य वेळ कोणती?

यावर यादवपक्षाचं उत्तर असं की स्मारक जिंकणाऱ्यांनीही उभारलेलं असू शकतं, यादवांचीही माणसं पडलीच असतील. शक्य आहे. पण यादवांची माणसं घाटावरची. त्यांचे दगड घाटावर त्यांच्या गावांत शोधावेत, साष्टी बेटावरच्या एक्सरला नव्हेत. हत्तींचं म्हणाल तर माळव्याच्या राजाकडे हत्तींची वाण नव्हती.

माझ्या पक्षातली एक फट मात्र मान्य केली पाहिजे. भोजाचे दोन्ही ताम्रपट कोकण जिंकल्याचं सांगतात, समुद्रावर लढल्याचं सांगत नाहीत. ती फट मी लाटेने बुजवतो. लाट म्हणजे दक्षिण गुजरात, भडोचसारख्या बंदरांचा मुलूख. भोजाने लाट जिंकल्याचं उदयपूर प्रशस्ती सांगते, आणि लाटेचा कीर्तिराज कोकणच्या स्वारीआधीच त्याच्यापुढे नमला असं बहुतेक इतिहासकार धरतात. धारहून निघालेलं सैन्य नर्मदेच्या काठाने भडोचला पोचतं, आणि भडोचहून ठाण्याच्या खाडीत यायला समुद्र हाच राजमार्ग आहे. जहाजं लाटेची, खलाशी लाटेचे, वरचे धनुर्धारी माळव्याचे. शिलाहार राजा अरिकेसरीच्या आरमाराला अशाच मिश्र ताफ्याने गाठलं असणार.

आता धारच्या दुसऱ्या पुराव्याकडे. ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ भोजाच्या नावावर आहे. १९१२ मध्ये राधाकुमुद मुखर्जींनी भारतीय नौकानयनावरच्या इंग्रजी पुस्तकात त्याच्या हस्तलिखितातला जहाजांचा भाग पुढे आणला. १९१७ मध्ये ईश्वरचंद्र शास्त्रींनी तो ग्रंथ कलकत्त्याला छापला. त्यात होड्यांच्या जाती आहेत, लाकडाचे प्रकार आहेत, नाळेवर सिंहाचं, नागाचं, हत्तीचं की बेडकाचं तोंड बसवावं याची यादी आहे, किती डोलकाठ्यांच्या जहाजाला कोणता रंग द्यावा तेही आहे. मला त्यातलं हवं ते खोल्यांचं वर्गीकरण. सर्वमंदिरा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल्या, खजिना, घोडे आणि राजस्त्रिया नेण्यासाठी. मध्यमंदिरा म्हणजे मधे खोली, राजाच्या विहारासाठी आणि पावसाळ्यासाठी. आणि अग्रमंदिरा म्हणजे खोली नाळेकडे. ती पावसाळा सरल्यावर, लांबच्या प्रवासासाठी आणि युद्धासाठी.

युद्धासाठी खोली पुढे का? माल न्यायचा तर ती कुठेही चालेल. लढायचं असेल तर आपलं जहाज शत्रूला जिथे टेकणार तिथेच माणसं हवीत, आणि टेकेपर्यंत त्यांना बाणांपासून आडोसा हवा. अग्रमंदिरा हा चढाई करणाऱ्यांचा आडोसा आहे. याहून सरळ खुलासा मला दुसरा दिसत नाही.

या ग्रंथावर घेतले जाणारे आक्षेप जोरदार आहेत. एक, हा भोजाचा ग्रंथच नव्हे, कारण त्यात भोजाचं मत तिसऱ्या पुरुषात, ‘भोज असं म्हणतो’ या थाटात येतं. म्हणजे संकलन नंतरचं. दोन, लेखकाने समुद्र पाहिलेला नाही: दहा प्रकारच्या होड्या, त्यांतल्या कोणत्या शुभ आणि कोणत्या अशुभ, हे सगळं पोथीतलं ज्ञान. पहिला आक्षेप मी निम्मा मान्य करतो. संकलन कुणाचंही असो, भोजाचं मत म्हणून सांगायला आधी ते मत प्रचलित असावं लागतं. आणि नेमकं कुठलं मत भोजाच्या तोंडी घातलं आहे ते पाहा. समुद्रात जाणाऱ्या जहाजाला लोखंडी खिळे मारू नयेत, पाण्यातले लोहचुंबकाचे खडक त्याला ओढून बुडवतात, म्हणून फळ्या दोरीने बांधाव्यात. चुंबकाचे खडक ही दर्यावर्दींची कथा आहे, टॉलेमीच्या भूगोलातही ती येते. पण दोरीने शिवलेली जहाजं ही कथा नाही. अरबी समुद्रात काथ्याने शिवलेली जहाजंच चालत असत, मार्को पोलोने होर्मुझला ती पाहिली. म्हणजे भोजाच्या नावावरचं हे मत पश्चिम किनाऱ्यावरच्या खलाशांकडून आलेलं आहे, आणि खलाशांनी दिलेल्या कारणासकट आलेलं आहे. नर्मदेच्या नावाड्यांकडून हे ज्ञान मिळण्यासारखं नाही. कोकणच्या स्वारीतून मिळू शकतं.

पुढचा दुवा गुराब. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने आंग्र्यांच्या गुराबांचं केलेलं वर्णन अजून कुणी मागे टाकलेलं नाही. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या घरात. उथळ पाण्यात चालणारी, मधे रुंद, पुढे निमुळती. पुढच्या अंगाला विलायती जहाजाची फुगीर छाती नाही. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब, सखल नाळ बाहेर आलेली. तिच्यावर भक्कम तक्तपोशी, मुख्य डेकच्या पातळीत. नाळ आणि डेक यांच्यामध्ये एक आडवी भिंत. त्या भिंतीच्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून पुढे मारा करतात.

अग्रमंदिरेत पुढे खोली होती, गुराबेत पुढे भिंत आणि तोफा आहेत. खोली गेली ती तोफ आल्यामुळे, पुढून भिडायची कल्पना तीच राहिली. भिंतीआड माणसं थांबतात आणि जहाज शत्रूला टेकलं की तीच सखल नाळ त्यांचा पूल होते. गुराब सरळसरळ पोर्तुगीज किंवा अरब गॅलीची नक्कल आहे असं मानणारे ऑर्मच्या ‘भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी’ या शब्दांवर बोट ठेवतात. शिवाजी महाराजांच्या पहिल्या जहाजांवर १६५९ मध्ये रुई लेतांव व्हिएगस हा पोर्तुगीज काम करत होता, हेही ते सांगतात. कसब उसनं आलं, यात शंका नाही. पण उसनं घेणाऱ्याला आधी गरज लागते, आणि ती गरज या किनाऱ्यावर सहाशे वर्षांची होती.

गुराब हे नाव अरबी ‘घुराब’वरून आलं. अर्थ कावळा. का कावळा? एक मत, डांबर फासलेला काळा रंग. दुसरं, चोचीसारखी नाळ. यात तिसरा एक पक्षी येऊन बसतो आणि तो मला झोपू देत नाही. इसवी सनापूर्वी २६० मध्ये मायलीच्या लढाईत रोमन लोकांनी, ज्यांना समुद्राची सवय नव्हती, आपल्या नाळेवर एक झुलता पूल बसवला. पॉलिबियसच्या वर्णनाप्रमाणे तो छत्तीस फूट लांब, चार फूट रुंद, टोकाला मुसळीसारखा लोखंडी अणकुचीदार खिळा. शत्रूचं जहाज जवळ आलं की पूल धाडकन खाली सोडायचा, खिळा त्याच्या डेकमध्ये रुतायचा आणि शिपाई पुलावरून पलीकडे धावायचे. त्याचं लॅटिन नाव ‘कोर्वुस’. अर्थ कावळाच.

भूमध्य समुद्रातला रोमन कावळा आणि त्याच समुद्रातून अरबांमार्फत कोकणात आलेला कावळा एकाच घरट्यातले असतील का? रोमन लोकांनी तो पूल पहिल्या कार्थेज युद्धातच सोडून दिला, बहुधा नाळ जड होऊन वादळात जहाजं बुडायची म्हणून. त्यानंतर अरबी ‘घुराब’ दिसेपर्यंत शतकानुशतकांची पोकळी आहे. शिवाय रोमन नाव पुलाचं, अरबी नाव अख्ख्या जहाजाचं. भाषाशास्त्री हे नातं मान्य करणार नाहीत आणि कागदावर त्यांचंच बरोबर आहे. तरी काळ्या रंगाची व्युत्पत्ती मला पटत नाही. डांबर सगळ्याच जहाजांना फासत, मग एकाच जातीला कावळा का म्हणावं? चोचीचं मत खरं धरावं, आणि चोच म्हणजे शत्रूवर टोच मारायची, त्याला पकडायची जागा. नावं वेगवेगळी जन्मली असतील, पण ती ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काम एकच होतं.

‘गलबत’ शब्दाचंही असंच. कुणी तो पोर्तुगीज ‘गालेओता’शी जोडतो, कुणी आखाती अरबांच्या ‘जालबूत’शी, कुणी इंग्रजांच्या ‘जॉली-बोट’शी, आणि कोण कुणाचं अपत्य यावर एकमत नाही. त्या वादात मी पडत नाही, कारण गलबताचं काम नावापेक्षा स्पष्ट आहे. ऑर्म सांगतो: सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास दणकट वल्ह्यांचं, हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी, वर फिरत्या खुंट्यांवर जंबुरे. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत. गुराबा शत्रूच्या मागच्या अंगाला जमून त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करत. तो हलू शकेनासा झाला की चारही बाजूंनी भडिमार. तरीही नमला नाही तर दोनशे-तीनशे माणसांनी भरलेली गलबतं तलवारी उपसून त्याच्यावर चढत. एक्सरची ती चार विरुद्ध एकची पट्टी इथे हालचालीत दिसते.

१७४९ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी कंपनीचं ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज याच रीतीने पाडाव केलं. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर भडिमार केला तेव्हा एक गोळा याच ‘रेस्टोरेशन’वर पडला, ते पेटलं आणि त्याच्या आगीत शेजारी नांगरलेलं आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. पेशव्यांनी या कामी इंग्रजांची मदत घेतली ही गोष्ट मला आजही सलते. कान्होजी आंग्र्यांच्या हयातीतच, १७२८ च्या सुमाराला, माळव्यात तुकोजी आणि जिवाजी पवार देवासला स्थिरावत होते. पवार स्वतःला भोजाच्या परमार कुळातले मानतात. एकाच सत्तेचे दोन हात वाढत असताना त्यातला समुद्रावरचा हात आपणच कापला.

चढाईची शिस्त लिहून ठेवणारा मराठी ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, १७१५ च्या सुमाराचं. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, ही त्यातली रचना अनेकांना ठाऊक असते. त्यापुढची सूचना कमी वाचली जाते. शत्रूचं जहाज जेरीस येऊन कौल मागू लागलं तरी एकदम त्याच्या जवळ जाऊ नये, त्यालाही जवळ आणू नये. दूर उभं राहून त्याच्या नाखव्याला आणि मुख्य माणसांना आपल्याकडे बोलावून घ्यावं, मग पुढचं पाहावं.

आज आपल्या नौदलाच्या युद्धनौकांवर ‘व्हिजिट, बोर्ड, सर्च अँड सीझर’साठी तयार केलेल्या तुकड्या असतात, आणि कठीण कामगिरीला मार्कोस येतात. हे सागरी कमांडो दल १९८७ मध्ये उभं राहिलं. त्यांचा तळ करंजाच्या आयएनएस अभिमन्यूवर, म्हणजे कान्होजींच्या कुलाब्यापासून फार दूर नाही. पॅराशूटच्या उड्या ते आग्र्याला शिकतात, पाणबुड्यांची कामं कोचीला. अंगावर गोळीरोधक जाकीट, हातात आखूड बंदूक, लांब काठीच्या टोकाला आकडा आणि आकड्याला लटकणारी दोरशिडी. वेगवान बोट हलत्या जहाजाच्या अंगाला लावून धरायची आणि लाट वर उचलेल त्या क्षणी शिडी पकडायची. हेलिकॉप्टर असेल तर जाड दोरावरून सरळ डेकवर उतरायचं. पण पहिली पायरी वेगळीच: रेडिओवर थांबण्याचा हुकूम, आणि संशयित जहाजावरच्या माणसांनी दिसेल अशा ठिकाणी जमावं ही सूचना. दूर उभं राहून समोरच्याला आधी उघड्यावर आणायचं. अमात्यांनी हेच सांगितलं होतं.

१९९९ च्या नोव्हेंबरात ‘अलोंड्रा रेनबो’ हे पळवलेलं जपानी मालकीचं जहाज अरबी समुद्रात पकडलं गेलं. त्याचा पाठलाग करणाऱ्या तटरक्षक नौकेचं नाव होतं ‘ताराबाई’. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या मालवाहू जहाजावर सोमाली चाचे बसले होते. किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने आधी नेमका मारा करून त्याची सुकाणूयंत्रणा आणि दिशादर्शक साधनं निकामी केली. मग हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस बोटींसकट समुद्रात उतरले. सुमारे चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. आंग्रे डोलकाठी तोडत, कोलकाताने सुकाणू तोडलं. आधी पांगळं, मग घेराव, मग पाय.

माझी सगळी मांडणी एक्सरच्या त्या झिजलेल्या ओळींवर टांगलेली आहे हे मला ठाऊक आहे. त्यांत भोजाचं नाव निघालं तर आपल्या आरमाराच्या इतिहासाला धारपासून सुरुवात करावी लागेल, महादेव यादवाचं निघालं तर मला हा लेख मागे घ्यावा लागेल. तिरप्या उजेडातली आणि त्रिमितीय छायाचित्रं घेऊन आज पुसट अक्षरंही वाचता येतात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने आणि डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांनी या दगडांची तशी छायाचित्रं सर्वांसाठी खुली करावीत. आणि धार-देवासच्या वाचकांनो, मुंबईला जाल तेव्हा बोरिवलीला उतरा, एक्सरचा रस्ता विचारा आणि ते वीरगळ खालून वर वाचा.